झेडपीत माणूसच नाही, शिव्या द्यायच्या कुणाला?

पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. आणि कुठल्याही पक्षाचे असाल तरी वाचा, कारण यात कुणालाच सोडलेलं नाही.

६ मे २०२५ ला आपल्या जिल्ह्यात अख्खं मंत्रिमंडळ आलं होतं. जामखेड तालुक्यात चौंडीला, अहिल्यादेवींच्या जन्मगावी, त्रिशताब्दीनिमित्त कॅबिनेटची बैठक झाली. गाड्यांचा ताफा, मंडप, टीव्हीवर दिवसभर चौंडी. मोठमोठे आकडे जाहीर झाले. चांगली गोष्ट आहे, आनंदच झाला. अहिल्यादेवींच्या गावाला निधी मिळत असेल तर त्यात खोट काढणारा मी नाही.

पण त्याच ६ मे ला दिल्लीत दुसरी एक गोष्ट झाली. सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्र सरकार आणि निवडणूक आयोगाला सांगितलं की रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढा, चार महिन्यांत निवडणुका घ्या, आणि ओबीसी आरक्षण बांठिया आयोगाच्या अहवालाआधी होतं तसं ठेवा. म्हणजे ज्या जिल्ह्यात मंत्रिमंडळ बसलं होतं, त्याच जिल्ह्याच्या झेडपीत सव्वातीन वर्षं झाली, लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नाही, हे कोर्टाला आठवलं. मंत्रिमंडळाच्या मंडपात कुणाला आठवलं का, ते मला दिसलं नाही.

थोडा हिशोब मांडतो. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा आपला. १७ हजार चौरस किलोमीटर, १४ तालुके, २०११ च्या जनगणनेत ४५ लाख माणसं. अकोल्यातल्या रतनवाडीचा माणूस नगरला यायचा म्हटला (अहिल्यानगर म्हणायची सवय अजून जिभेला लागायचीय, माफी असावी) तर दीडशे किलोमीटरच्या पुढे पल्ला. एवढ्या पसाऱ्याला २०१७ साली आपण झेडपीत ७३ सदस्य निवडून दिले आणि १४ पंचायत समित्यांत मिळून १४६. साधारण पन्नास हजार ग्रामीण लोकांमागे एक झेडपी मेंबर. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. २१९ माणसं घरी गेली आणि त्या जागी प्रशासक बसले. तेव्हा म्हणाले चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे.

नगर महापालिकेचे ६८ नगरसेवक पण डिसेंबर २०२३ ला घरी गेले. म्हणजे शहरवाल्यांनी हसायचं कारण नाही.

आता माझ्या गावची गोष्ट सांगतो. गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला एका साहेबाची तक्रार करायची नाही, साहेब येतात आणि बदलून जातात. आमच्या शाळेच्या दोन खोल्या धोकादायक झाल्यात. भिंतीला बोट जाईल एवढी भेग आहे. निर्लेखनाचा प्रस्ताव करून द्या म्हणाले, दिला. ग्रामपंचायतीचा ठराव दिला, फोटो दिले. दीड वर्षात चार खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा साहेब इलेक्शन ड्युटीवर, तिसऱ्यांदा साहेबच बदलून गेलेले. चौथ्यांदा टेबलावरच्या भाऊसाहेबांनी खरं ते सांगून टाकलं. "दादा, आमदाराचं पत्र आणा, त्याशिवाय हलत नाही." दोन खोल्यांसाठी आमदाराचं पत्र!

पूर्वी काय होतं? आमच्या गटाचा मेंबर काही संत नव्हता. मी स्वतः त्याच्या विरोधात प्रचार केलेला आहे, हे गावाला माहितीये. पण सकाळी सात वाजता त्याच्या ओट्यावर जाऊन त्याला चार शब्द सुनावता यायचे. त्याला लाज वाटो न वाटो, पुढच्या इलेक्शनची भीती वाटायची. तो फाईल घेऊन नगरला जायचा, सर्वसाधारण सभेत उभा राहून माईकवर ओरडायचा आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी यायची. त्या ओरडण्यातलं निम्मं नाटक असेलही, पण इतिवृत्तात नोंद व्हायची आणि अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागायचं. आता प्रस्ताव तयार करणारं ऑफिस तेच आणि मंजूर करणारंही तेच. सर्वसाधारण सभा, स्थायी समिती, शिक्षण, बांधकाम, आरोग्य, सगळ्या समित्या एका खुर्चीत बसल्यात. त्या खुर्चीला प्रश्न कोण विचारणार?

ऑगस्ट २०१७ ला नगर तालुक्यात निंबोडीच्या झेडपी शाळेचं छत कोसळून तीन लेकरं गेली. तेव्हा झेडपीत सदस्य होते, तरी ते घडलं, हे मी लपवत नाही. पण जाब विचारायला दार होतं, दाराच्या आत आपण निवडलेली माणसं होती. उद्या तसं काही झालं (देव न करो) तर आपण कुणाच्या ओट्यावर जाणार आहोत?

इथे काही जण म्हणतील, बरं झालं मेंबर गेले, टक्केवारी बंद झाली. माझे दोन चांगले मित्रच असं म्हणतात. मला सांगा, टक्केवारी खरंच बंद झाली का? जलजीवनच्या अर्ध्या राहिलेल्या टाक्या बघा आणि मग बोला. फरक एवढाच, की पूर्वी कुणाचं नाव घ्यायचं ते ठाऊक होतं. आणि हो, झेडपी काय धुतल्या तांदळाची होती असं नाही. शेवटच्या दोन अध्यक्षा कोण? शालिनीताई विखे आणि राजश्रीताई घुले. दोन्ही कारखान्याची घराणी. आपल्या जिल्ह्यातलं सोयऱ्याधायऱ्यांचं राजकारण उभ्या महाराष्ट्राला माहितीये. पण त्याच झेडपीतून साधी माणसं पण वर आली. पारनेरचे आजचे आमदार काशिनाथ दाते झेडपीच्या बांधकाम समितीचे सभापती होते. ती शिडी आहे म्हणून कुणी तरी चढतं. शिडीच काढून घेतली तर फक्त ज्याचा वाडा आहे तोच माडीवर दिसणार.

बायकांचं तर बोलायलाच नको. झेडपीत निम्म्या जागा महिलांच्या. "सह्याजीराव नवरा" वगैरे विनोद आपण लई केले, पण त्यातल्या कित्येक जणी पाच वर्षांत बोलायला शिकल्या, भांडायला शिकल्या. २०२४ मध्ये जिल्ह्याने बारा आमदार आणि दोन खासदार निवडून दिले, चौदा जण. त्यात बाई किती? एक. शेवगाव-पाथर्डीच्या मोनिकाताई राजळे. संपलं.

आता मूळ मुद्दा, ज्यावर कुणी बोलत नाही. जिल्ह्याचा पैसा वाटते जिल्हा नियोजन समिती. घटनेत लिहिलंय की त्या समितीचे पाच पैकी चार हिस्से सदस्य झेडपी आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचे. मे २०२५ मध्ये झेडपीत सदस्यच नव्हते, तर त्यांचे हिस्से कुठून येणार? राहिले पालकमंत्री, आमदार, खासदार, नेमलेली माणसं आणि अधिकारी. वर केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी. तो द्यायचा असतो रीतसर निवडून आलेल्या संस्थांना. म्हणजे मेंबर नाहीत म्हणून तिथे पण आपलंच नुकसान. खाली सरपंच आहे, वर आमदार आहे, मधल्या सगळ्या पायऱ्या गायब. सरपंचाने पावणेचार लाख लोकसंख्येच्या आमदाराकडे रांगेत उभं राहायचं आणि गटार मागायची. मग ती गटार कुणाच्या गावाला मिळते हे सांगायला मी ज्योतिषी असायची गरज नाही.

म्हणून विचारतो, निवडणूक लांबली तर तोटा कुणाचा आणि फायदा कुणाचा? आमदार सत्तेतला असो की विरोधातला, मधला मेंबर नसला की गावचा प्रत्येक माणूस थेट त्याच्या दारात. कुणी मोठ्याने ओरडत का नाही, त्याचं उत्तर यात आहे.

आणि सगळ्यांनी हातभार लावलाय. महाविकास आघाडी असताना मार्च २०२२ ला प्रभाग रचनेचे अधिकार आयोगाकडून सरकारने स्वतःकडे घेतले आणि झेडपीच्या जागांची कमाल मर्यादा ७५ वरून ८५ केली. शिंदे सरकार आलं, त्यांनी ऑगस्टमध्ये ते रद्द केलं. मग प्रकरण कोर्टात, मग "जैसे थे", मग तारखा. दोघंही म्हणत राहिले की ओबीसी समाजाच्या हक्कासाठी थांबलोय. अरे, पण ओबीसी मेंबर पण सव्वातीन वर्षं घरीच बसला ना? त्याला कुठला हक्क मिळाला?

मधल्या काळात इलेक्शन झालीच नाहीत असं आहे का? १३ मे २०२४ ला लोकसभेला मतदान केलं. २० नोव्हेंबरला विधानसभेला केलं. तीच शाळा, तेच मास्तर, तीच शाई. तेव्हा पाऊस, शेती, कोर्ट, काही आडवं आलं नाही. घटनेचं कलम २४३-ई म्हणतं की पंचायतीची मुदत पाच वर्षं आणि मुदत संपायच्या आत निवडणूक. त्यात "सरकारला सवड असेल तर" असं कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही.

ज्या जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार बघायला देशभरातून माणसं येतात, ग्रामसभा कशी चालते ते वहीत लिहून घेतात, त्या जिल्ह्यात झेडपीच्या सभागृहाला कुलूप. पाहुण्यांना ते पण दाखवत जा की राव.

चार महिने म्हणजे सप्टेंबर २०२५. परत काहीतरी निघेल. गट रचना, हरकती, सुनावणी, पाऊस, सण. मी एवढंच सांगतो, या महिन्या-दोन महिन्यात तुमचा आमदार कुठल्याही लग्नात, दशक्रियेत, सप्त्यात भेटेल. सत्कार करायच्या आधी विचारा, "साहेब, झेडपीचं इलेक्शन कधी? तुम्ही सभागृहात त्यावर किती वेळा बोललात?" उत्तर काय आलं ते कमेंटमध्ये लिहा. तुमच्या गटातल्या कुठल्या कामाची फाईल अडकलीये ते पण लिहा. मी सगळं एकत्र करून निवेदन देणार आहे, सह्यांना या.

यंदा मे मध्येच पाऊस लागलाय. काल शाळेत जाऊन आलो, भेगेतून पाणी झिरपत होतं. गुरुजींनी त्या दोन खोल्यांना कुलूप लावलंय आणि पाचवीचा वर्ग व्हरांड्यात बसवायचं ठरवलंय. जूनच्या मध्यावर शाळा उघडेल. प्रस्तावाचा आवक क्रमांक माझ्या खिशात आहे, सोमवारी पाचवी खेप आहे.