दानपत्रातील नावे आणि ग्रामसभेतील माणसे

कुंभकोणम्‌पासून काही किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या उत्तर तीरावर तिरुविसनल्लूर हे गाव वसले आहे. महाराष्ट्रातून बदली होऊन त्या परिसरात गेलेल्या माझ्यासारख्या अधिकाऱ्याला या गावाविषयी आपलेपणा वाटावा, याला ऐतिहासिक कारण आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे पुत्र शहाजीराजे १६८४ मध्ये तंजावरच्या गादीवर आले. स्वतः ग्रंथकार असलेल्या या राजाने १६९३ मध्ये हे गाव आपल्या आश्रयाच्या चाळीसहून अधिक विद्वानांना दान दिले. त्यामुळे गावाला ‘शहाजीराजपुरम्’ असे नाव मिळाले.

मराठी राजाने तमिळ भूमीत विद्येचा असा गौरव केला, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. गाव ज्यांना मिळाले, त्यांची नावे इतिहासात राहिली. त्या शिवारात नांगर धरणाऱ्यांची आणि चिखलात भाताची लावणी करणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र कोणत्या वहीत लिहिली गेली?

या प्रश्नाचे एक उत्तर त्याच गावाच्या परंपरेत आहे. शहाजीराजांवर ‘शाहेंद्रविलास’ हे संस्कृत काव्य रचणारे श्रीधर वेंकटेश अय्यावाळ येथेच राहत. त्यांच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका भुकेल्या माणसाला श्राद्धाचे अन्न दिले. गावातील ब्राह्मण संतापले व गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगू लागले. अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली, आणि गंगा त्यांच्या अंगणातील विहिरीत अवतरली. तमिळ कार्तिकै महिन्याच्या अमावास्येला आजही असंख्य भाविक त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करतात. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी कथेचा अर्थ स्पष्ट आहे. ज्याचे नाव पंक्तीच्या यादीत नव्हते, त्याला प्रथम वाढले गेले.

दानानंतर ३०० वर्षांनी, २४ एप्रिल १९९३ रोजी, ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली. गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य झाला, मग तो जमीनदार असो, कूळ असो वा शेतमजूर. पंचायतीची मुदत संपते, निवडणुका लांबतात. २०१६ ते २०१९ या काळात तमिळनाडूतील गावांनी ते अनुभवले. ग्रामसभेला मात्र मुदत नसते.

आता आपल्या व्यवसायाकडे वळतो. शाखेत रुजू झाल्यावर काही दिवसांतच पीककर्जासाठी एक वयस्क शेतकरी आले. आपल्याकडील सातबाऱ्यासारखा तिकडे ‘पट्टा’ असतो. तो त्यांच्या नावावर नव्हता. मी त्यांना परत पाठवले. जाताना ते जे बोलले ते सहकाऱ्याने मला समजावून सांगितले : “सार, घाम माझा आहे, कागद दुसऱ्याचा आहे.” नियम मला ठाऊक नव्हता असे नाही, कागद नसलेल्या माणसासाठी तो शोधण्याचे कष्ट मी घेतले नाहीत, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

कारण नियम त्यांच्या बाजूचाच होता. १९९८ मध्ये सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्ड योजनेत आज कुळे, तोंडी कराराने जमीन कसणारे व वाटेकरी यांचाही समावेश आहे. चार ते दहा जणांच्या संयुक्त देयता गटाला परस्परांच्या हमीवर कर्ज देता येते. १ जानेवारी २०२५ पासून शेतीकर्जाची विनातारण मर्यादा रिझर्व्ह बँकेने २ लाख रुपये केली आहे. तरतूद आहे, उणीव आहे ती ओळखीची. कोण कोणती जमीन कसतो, हे शाखेला ठाऊक नसते. गावाला ते पक्के ठाऊक असते.

म्हणूनच प्रत्येक ग्रामीण शाखेतील एका अधिकाऱ्याने आपल्या क्षेत्रातील ग्रामसभांना उपस्थित राहावे, असे मला मनापासून वाटते. तमिळनाडूत २०२२ पासून वर्षातून सहा ग्रामसभा ठरलेल्या आहेत. तेथे योजना समजावून सांगावी, कसणाऱ्यांची माहिती सर्वांसमक्ष घ्यावी, शेजाऱ्यांनी ओळखलेल्या कुळांचे गट बांधावेत. थकबाकीची भीती दाखविली जाईल, आणि ती सर्वस्वी अनाठायी नाही. पण चारचौघांत ओळख पटलेला कर्जदार हा कागदापुरत्या ओळखीच्या कर्जदारापेक्षा अधिक जोखमीचा का मानावा? ग्रामीण भागातील ग्राहकांनीही संकोच न करता आपल्या शाखाधिकाऱ्यांना ग्रामसभेचे निमंत्रण द्यावे.

त्या शेतकऱ्यांना पुढे मी सहकाऱ्याकरवी निरोप पाठवला. ते आले ते एकटे नव्हते. सोबत आणखी पाच जण होते. सहा जणांचा तो गट आमच्या शाखेच्या वहीत नोंदला गेला. त्या पानावर जमिनीच्या मालकाचे नाव नाही. नांगर धरणाऱ्यांची सहा नावे आहेत.