क्रेडिट डिजिलॉकरमध्ये, मग विद्यापीठ कुठे?

मागच्या एक-दोन वर्षांत तुम्ही कॉलेजला अ‍ॅडमिशन घेतलं असेल, तर 12 अंकी अपार आयडी काढायला सांगितलंच असेल. त्याला अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी जोडलेली असते. 2021 मध्ये सुरू झालेलं हे तुमच्या शिक्षणाचं पासबुक समजा. विषय पास झालात की क्रेडिट जमा, कॉलेज बदललं तरी ती सोबत येतात. यूजीसीच्या 2021 च्याच नियमानुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून ऑनलाइन करता येतात. 2022 पासून एकाच वेळी दोन पदव्यांनाही परवानगी आहे.

सोय खरीच मोठी आहे. वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करून शिकणाऱ्या मुलाला किंवा मध्येच शिक्षण थांबवावं लागलेल्या मुलीला याचा थेट फायदा आहे. पण लेक्चर यूट्यूबवर, नोट्स टेलिग्रामवर आणि क्रेडिट डिजिलॉकरमध्ये असतील, तर विद्यापीठ म्हणून उरतं काय?

स्टार की मेश?

इंजिनिअरिंगला नेटवर्किंग शिकताना दोन आकृत्या काढाव्या लागतात. स्टारमध्ये प्रत्येक कॉम्प्युटर मधल्या हबला जोडलेला असतो, एकमेकांना नाही. मेशमध्ये प्रत्येक जण प्रत्येकाला जोडलेला असतो. 40 जणांचा वर्ग घ्या. मधला हब धरून स्टारमध्ये 40 जोडण्या होतात. मेशमध्ये होतात 780.

तुमच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडून बघा. त्यात फक्त अ‍ॅडमिनच मेसेज टाकू शकत असेल, तर तो स्टार आहे. नोटीस येते, फॉर्मची लिंक येते, बस. पोरांनी स्वतः काढलेला दुसरा ग्रुप असतो, तिथे कुणी रूम शोधतं, कुणी जुने पेपर मागतं, कुणी भांडतं. तो मेश.

अपार आणि एबीसी ही यंत्रणा स्टार आहे, आणि तिचं काम तेवढंच आहे. बायोमेट्रिक हजेरीचंही तसंच. तुमचं बोट मशीनवर लागलं एवढंच ती सांगते. शेजारी बसलेल्याशी तुमची ओळख आहे का, हे तिला कळत नाही. आपली चूक तेव्हा होते, जेव्हा आपण या 40 रेषांनाच विद्यापीठ समजतो.

नावासाठी 16 वर्षं

जुलै 2023 मध्ये ट्विटरचं नाव एक्स झालं. वापरणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. लोकांनी दोन दिवस मीम टाकले आणि पुन्हा स्क्रोल करायला लागले.

आता आपल्या शहराकडे बघा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये इथे मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. तेव्हा मराठवाड्यातली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं 23 ऑगस्ट 1958 ला. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यावं, असा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. अंमलबजावणी थांबली. मोर्चे निघाले, लाँग मार्च निघाला, लोकांनी जीव दिले. शेवटी 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार होऊन 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव मिळालं.

आजही 14 जानेवारीला विद्यापीठ गेटवर गर्दी होते. खेड्यांतून आलेल्या त्यातल्या कितीतरी जणांचा इथे कधी रोल नंबर नव्हता. कुठल्याही डेटाबेसमध्ये ते या विद्यापीठाचे 'युजर' नाहीत. तरी हे विद्यापीठ आपलं आहे, असं ते मानतात. अ‍ॅपच्या नावासाठी कुणी नागपूरहून चालत येत नाही. जिथे आपल्याला माणूस म्हणून जागा आहे की नाही हे ठरतं, तिथे लोक नावासाठीही लढतात.

यातली हिंसा विसरून चालणार नाही. जो समाज विद्यापीठाभोवती होता, त्यातलेच लोक वस्त्या जाळत होते. म्हणजे नुसतं एकत्र असणं पुरत नाही. प्रत्येकाला बरोबरीचं स्थान आणि बोलायचा हक्क हवा.

बोलायची जागा कुठे आहे?

इथेच खरी अडचण आहे. महाराष्ट्रात 1990 च्या दशकापासून विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, पण 2019 मध्ये सरकारने त्या पुढे ढकलल्या. निवडणुकीत गुंडगिरी येते ही भीती खोटी नाही. पण 18 व्या वर्षी आमदार निवडता येतो, तर वर्गाचा प्रतिनिधी का नाही? मत नाही, चर्चेची जागा नाही, फक्त पोर्टलवर तक्रार टाका आणि तिकीट नंबर घ्या, हे म्हणजे अख्ख्या विद्यापीठाचा 'ओन्ली अ‍ॅडमिन' ग्रुप झाला.

त्यामुळे एबीसी आयडी जरूर काढा, नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का तेही तपासा. ऑनलाइन विषय निवडताना मात्र एक हिशेब करा. जो विषय प्रयोगशाळेत, वादावादीत किंवा गटात बसून शिकायचा आहे, तो कॉलेजातच ठेवा. ग्रंथालयात जागा धरा. वर्गातला एखादा जण आठवडाभर दिसला नाही, तर त्याला फोन करा. बीड-जालन्याहून आलेली मुलं बऱ्याचदा फी किंवा मेसच्या पैशांसाठीच गायब होतात, आणि हे पोर्टलला कळायच्या आत बाजूच्या बाकावरच्याला कळू शकतं.