मोजायचं कुणासाठी?

‘लोकांचं काम तागडीत तोलता येत नाही’ हे वाक्य सामाजिक संस्थांच्या बैठकीत कुणी ना कुणी म्हणतंच, आणि माना डोलतात. हिंमत, विश्वास, आत्मसन्मान यांचे आकडे कसे मांडणार? मोजमाप हे दात्यांचं खूळ. आपण काम करत राहावं, असा एकूण सूर. ऐकायला उदात्त वाटतं. पण त्यात एक सोयही आहे: काम फसलं तरी कुणाला पत्ता लागत नाही, संस्थेला स्वतःलाही नाही.

खुळाबद्दलची तक्रार मात्र निराधार नाही. 2013 च्या कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्चणं भाग पडलं. 2021 मध्ये त्यातल्या बड्या कंपन्यांना 1 कोटी रुपये वा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं त्रयस्थाकडून मूल्यमापन करून घेणं सक्तीचं झालं. हेतू चांगलाच. पण हाती येणारे अहवाल बघा: शिबिरं किती, लाभार्थी किती, बॅनर नीट दिसेल असे फोटो किती. शिबिराला आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन सहा महिन्यांनी वाढलं की नाही, हे त्यात शोधून सापडत नाही. हजेरीपटालाच परिणाम म्हणायचं ठरवलं की कार्यकर्ते वैतागणारच. मात्र काटा मारणाऱ्या वाण्यावरचा राग तराजूवर काढून कसं चालेल?

खरं माप कसं असतं, ते गडचिरोलीत बघायला मिळतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 1995 ते 1998 या काळात 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, बेताचं शिकलेल्या बायकांना बाळाचं वजन करायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला, गरज पडली तर इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. शेजारची 47 गावं तुलनेसाठी ठेवली. जन्म-मृत्यूंची नोंद दोन्हीकडे गावातली माणसं करत, आणि दर सहा महिन्यांनी घरोघर स्वतंत्र पाहणी करून ती पडताळली जाई. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरलेला दिसला. 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि 2011 पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर गेली. आत्मसन्मानाच्या गोष्टी सांगून ती गेली नसती. ती 47 गावं नसती तर हाच उतार चांगल्या पावसाच्या किंवा नव्या रस्त्याच्या खात्यावरही मांडता आला असता.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. तुलनेच्या गावांतली बाळं नुसती मोजायची, हे माणुसकीला धरून आहे का? ही टोचणी रास्त आहे. पण प्रयोगाआधी ही पद्धत बाळांना वाचवते की इंजेक्शनामुळे अपाय करते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या गावांत सरकारी आरोग्यसेवा आधीसारखीच चालू होती, तिच्यातलं काही काढून घेतलं नव्हतं. न तपासलेला उपाय एकदम सगळीकडे लावणं अधिक दयाळूपणाचं, असं मला तरी म्हणवत नाही.

‘अडाणी माणसांना मोजणं जमायचं नाही’ हा तर धादांत चुकीचा समज. न्यूमोनिया ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. मोठे आकडे न येणाऱ्यांसाठी सर्चने मण्यांचं एक साधं साधन केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करायचं. त्यात आईसमोर, त्याच झोपडीत निर्णय होतो. अहवालाची वाट कुणी बघत नाही.

राहिला मोजमापाला लागणाऱ्या पैशांचा प्रश्न. लहान संस्थेने दोन प्रकल्प कमी घ्यावेत आणि उरलेल्यांची नोंद धड ठेवावी. सुरुवातीची स्थिती लिहून ठेवायला एक वही पुरते, पडताळणीला शेजारच्या गावातली दोन माणसं. आणि आकडे कंपनीच्या कचेरीत जाण्याआधी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावेत, फसलेले आधी. तिथे कुणी उठून ‘हे असं झालंच नाही’ म्हणालं, तर तेही वहीत चढवावं.