पाणी प्रकल्पाचे, मासळी ठेकेदाराची, राख मात्र आमची!

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. त्या दिवसाचे स्मरण आपण दरवर्षी करतो आणि ते केलेच पाहिजे. परंतु त्या सत्याग्रहाचा अर्थ पिण्याच्या पाण्यापुरताच लावणे ही कोती समजूत होय. सार्वजनिक पाणवठ्यावर हुकूम कोणाचा, हा तेथे प्रश्न होता. आज तोच प्रश्न औष्णिक वीज केंद्रांच्या तलावांच्या काठी उभा आहे. चळवळीचे तिकडे पुरेसे लक्ष नाही, म्हणून आम्ही हा विषय येथे घेत आहोत.

उदाहरण रिहंदचे घेऊ. उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात पिपरी येथे रिहंद नदीवर १९५४ ते १९६२ या काळात धरण बांधले गेले. त्याच्या जलाशयाला गोविंद वल्लभ पंत सागर असे नाव आहे. ३०० मेगावॅट जलविद्युतसाठी आदिवासी, दलित आणि मल्लाहांच्या गावांना पाण्याखाली घातले गेले. पुढे याच परिसरात कोळशाच्या खाणी वाढल्या आणि १९८२ पासून सिंगरौली, विंध्याचल, रिहंदनगर, अनपरा अशी वीज केंद्रे जलाशयाभोवती उभी राहिली. धरणाने उठवलेल्या कुटुंबांना खाणींनी आणि केंद्रांनी पुन्हा उठवले. ४७६० मेगावॅटचे विंध्याचल हे देशातील सर्वांत मोठे कोळसा वीज केंद्र आहे आणि त्याच्या विजेतील वाटा महाराष्ट्रालाही मिळतो. तेव्हा रिहंदचे दुखणे आपल्याला परके नाही.

जातीच्या तक्त्याची गंमतही पाहण्यासारखी आहे. हा जलाशय दोन राज्यांत पसरला आहे. कोल समाज उत्तर प्रदेशच्या काठावर अनुसूचित जातीत आणि मध्य प्रदेशच्या काठावर अनुसूचित जमातीत मोडतो. एकच समाज, एकच पाणी. पण कायद्याच्या कागदावर दोन वेगळी माणसे. मग हक्क मागायला एकत्र यायचे कोणी?

आता या पाण्याचे होते काय? केंद्रात कोळसा जाळून वाफ करतात, वाफेने टर्बाइन फिरते आणि ती वाफ थंड करायला प्रचंड पाणी लागते. जुन्या पद्धतीत हे पाणी तलावातून घेऊन, तापवून, परत तलावातच सोडतात. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. पाणी खेचणाऱ्या पंपांच्या जाळ्यांवर मासळीची पिल्ले चिरडतात. तळाशी राख बसली की मासळीचे अन्नच गाडले जाते. कटला, रोहू, मृगळ हे मासे प्रजननासाठी वाहते पाणी शोधतात. साठलेल्या पाण्यात त्यांची पैदास सहसा होत नाही, म्हणून दरवर्षी बोटुकली सोडावी लागते. अशा तलावातील मासेमारी आपोआप चालत नाही. तिला व्यवस्थापन लागते, आणि ते कोणाच्या हाती असावे, हाच आमचा मुद्दा आहे.

केंद्र सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. १ जून १९९९ नंतर सुरू होणाऱ्या आणि नदी-तलावाचे पाणी घेणाऱ्या केंद्रांनी कूलिंग टॉवर बांधलेच पाहिजेत, असा नियम केला गेला. जुन्या केंद्रांना मात्र पाणी दहा अंशांपर्यंत तापवण्याची मोकळीक राहिली. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने जुन्यांनाही टॉवर बांधायला सांगितले आणि दोन वर्षांची मुदत दिली. नियम कागदावर चांगला आहे. पण तलावाच्या पाण्यात थर्मामीटर बुडवून पाहण्याचा अधिकार मल्लाहाला कोणत्या नियमाने दिला?

राखेचे प्रकरण याहून गंभीर आहे. ६ ऑक्टोबर २०१९ रोजी विंध्याचल केंद्राचा राखेचा बंधारा फुटला आणि राख रिहंद जलाशयात गेली. १० एप्रिल २०२० रोजी सिंगरौलीतील सासन केंद्राचा बंधारा फुटला. त्यात माणसे वाहून गेली, लहान मुलेही गेली. त्याआधी २०१२ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने सोनभद्र जिल्ह्यात तपासणी केली होती. तेव्हा माणसांच्या रक्तात, पाण्यात आणि मासळीतही पारा आढळला. पारा मासळीच्या अंगात साठत जातो. लहान मासा खाणाऱ्या मोठ्या माशात तो अधिक, आणि रोज तीच मासळी खाणाऱ्या गरिबाच्या अंगात त्याहून अधिक.

येथे काही शहाणे म्हणतात, मासळी विषारी असेल तर मासेमारीच बंद करा. हा न्याय अजब आहे! विष सोडणाऱ्याचे बॉयलर चालू राहावेत आणि जाळे टाकणाऱ्याची चूल विझावी? उलट आम्ही असेही म्हणतो, की पाण्याची तपासणी न करता नुसता मासेमारीचा परवाना गरिबाच्या हातात देणे म्हणजे त्याच्याच हाताने त्याच्या लेकरांना विष घालणे. तलावाचा हक्क आणि तलावाच्या पाण्याची खबर, या दोन्ही मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत.

हक्काची वाट अडवून बसला आहे तो ठेकेदार. जलाशयातील मासेमारी ठेक्याने देण्याची रीत देशभर आहे. ठेका कधी उघडपणे पैसेवाल्याला मिळतो, तर कधी सहकारी संस्थेच्या नावावर मिळतो आणि संस्थेच्या मागे सावकार बसलेला असतो. जाळे, होडी, बर्फ त्याचा. भाव तो ठरवणार. मासेमार आपल्याच पाण्यावर मजूर. जमिनीवरची जमीनदारी कायद्याने गेली, पाण्यावरची वेष बदलून राहिली.

ती मोडता येते, याचा दाखला बिहारमध्ये आहे. भागलपूर जिल्ह्यातील कहलगाव येथे १९८२ साली गंगा मुक्ती आंदोलन सुरू झाले. सुलतानगंज ते पीरपैंती या गंगेच्या सुमारे ८० किलोमीटर पात्रावर जमीनदारांची मालकी चालत होती. मल्लाहांनी जवळपास दहा वर्षे लढा दिला आणि १९९१ साली ती मालकी संपली.

कायद्याचा आधारही आपल्याकडे आहे. नैसर्गिक संपत्तीचे सरकार हे विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कमलनाथ प्रकरणात मान्य केले. महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरील तोतलाडोह जलाशयात पेंच राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या ३०५ आदिवासींना मासेमारीचे परवाने दिले गेले होते. १९९७ साली न्यायालयाने ते रद्द केले नाहीत. ओळखपत्र, ठरलेली वाट, काठावर चूल न पेटवणे अशा अटी घातल्या. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३ मध्ये पाणवठ्यांतील मासळीवरील सामूहिक हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. विस्थापिताचा पाण्यावरील हक्क ही भीक नव्हे, हे या सर्वांतून दिसते.

आपल्यातील काही कार्यकर्ते विचारतात, मासेमारी हा ढिवर-भोयांचा प्रश्न, बौद्धांचा त्याच्याशी काय संबंध? त्यांनी चंद्रपूरकडे पाहावे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जेथे धम्मदीक्षा दिली, त्याच शहराजवळ राज्यातील मोठे औष्णिक केंद्र आहे आणि त्याच्यासाठी इरई धरण बांधलेले आहे. राख उडते तेव्हा ती ढिवराच्या आणि बौद्धाच्या घरात सारखीच शिरते. व्हाइसरॉयच्या मंडळात बाबासाहेबांकडे १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते होते. वीज आणि जलनियोजन हे विषय त्यांनीच हाताळले. वीज त्यांना हवी होती ती गरिबाला दारिद्र्याच्या चक्रातून सोडवण्यासाठी. ज्या विजेसाठी गरीब आणखी गरीब होतो, ती वीज बाबासाहेबांच्या स्वप्नातील नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. वीज केंद्रांच्या तलावांवरील मासेमारीचे लिलाव बंद करावेत. पहिला हक्क विस्थापित, पारंपरिक मासेमार आणि भूमिहीन दलित-आदिवासींच्या सहकारी संस्थेला मिळावा आणि मासळी विकणाऱ्या स्त्रियांना तिचे सभासदत्व असावे. बोटुकलीचा खर्च केंद्राने उचलावा. पाणी आणि मासळी यांची तपासणी दर महिन्याला केंद्राच्या खर्चाने, पण बाहेरच्या प्रयोगशाळेत व्हावी आणि निकाल लोकांच्या भाषेत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. बंधारा फुटला किंवा मासळी मेली, तर भरपाई मासेमाराला थेट मिळावी.

या मागण्या घेऊन चळवळीने ढिवर, भोई आणि मल्लाह बांधवांकडे स्वतःहून गेले पाहिजे. त्यांच्या संस्थांची कागदपत्रे तपासायला आणि माहितीच्या अधिकाराखाली तपासणीचे अहवाल मागायला आपले वकील, आपले शिकलेले तरुण पुढे आले पाहिजेत. या कामाला पैसा फारसा लागत नाही, चिकाटी लागते. जयभीम!