गरम पाण्याचे कुंड आणि दारावरची पाटी



जपान म्हटले की आपल्याला बुद्धमूर्ती आणि वेगाने धावणारी रेल्वे आठवते. पण जपानी माणूस सुट्टीत काय करतो? एखाद्या शांत गावी जातो, ताजी मासळी खातो आणि गरम पाण्याच्या झऱ्यात डुंबतो. अशा झऱ्यांना तिकडे ओन्सेन म्हणतात. उत्तरेकडील होक्काइदो बेटावरचे ओतारू हे असेच बंदराचे शहर. हेरिंग मासळीच्या धंद्यावर ते एकेकाळी भरभराटीला आले. आता तेथे लोक खेकडे, मासळी खायला आणि निवांतपणासाठी जातात.

ओन्सेनची रीत ठरलेली आहे. आधी बाहेर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, मग कुंडात उतरायचे. बायकांची आणि पुरुषांची कुंडे बहुधा वेगळी असतात. अंगावर कपडे नसतात, त्यामुळे साहेब कोण आणि शिपाई कोण हे ओळखू येत नाही. समता म्हणतात ती हीच, असे कोणालाही वाटेल.

पण याच ओतारूत एका स्नानगृहाने दारावर पाटी लावली होती: फक्त जपानी लोकांना प्रवेश. रशियन खलाशी दारू पिऊन येतात, रीत पाळत नाहीत, हे कारण सांगितले गेले. 1999 साली काही मिश्र कुटुंबे तेथे गेली. त्यातील एका बापाच्या दोन मुलींपैकी जी जपानी दिसते ती आत येऊ शकेल, दुसरी नाही, असे त्याला सांगण्यात आले. सख्ख्या बहिणी, एकच घर! पुढे हा अमेरिकेत जन्मलेला बाप रीतसर जपानी नागरिक झाला, तरीही त्याला दारातूनच परत पाठवले. तिघांनी दावा लावला. 2002 साली साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने हा वांशिक भेदभाव ठरवला आणि स्नानगृहाने प्रत्येकाला दहा लाख येन भरपाई द्यावी, असा निकाल दिला.

ही हकिकत वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही. 1924 सालीच नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले होते, पण ते कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने ते पाणी घेतले. त्यानंतर कोर्टात दावा चालला. फार पूर्वीपासूनची वहिवाट आहे, हाच विरोधकांचा मुद्दा. ती वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. तिकडे शिस्त, इकडे वहिवाट. दाराला कडी घालणारे हात सारखेच.

आता आपल्या धाराशिवकरांविषयी. आपला जिल्हा टँकरची वाट पाहणारा. समुद्राची मासळी आपल्याला ठाऊक ती बहुधा आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबलाची. मार्चमध्ये अनेक कुटुंबे महाडला जातात आणि त्याच रात्री परत फिरतात. माझी सूचना अशी की, जमेल त्यांनी दोन दिवस जास्त काढावेत. महाडजवळच सावित्रीच्या काठी सव गावी गरम पाण्याचे झरे आहेत. पावसाचे पाणी जमिनीत खोल मुरते, तेथे तापते आणि भेगांतून वर येते. कोकणात असे झरे अनेक ठिकाणी आहेत. दापोली तालुक्यातले उन्हवरे त्यातलेच. वाटेत मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे लागते. पुढे हर्णैच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की ताज्या मासळीचा लिलाव पाहावा. जून-जुलैमध्ये मात्र मासेमारी बंद असते. रेल्वेने जायचे तर कोकण रेल्वेचे वीर स्टेशन महाडला जवळ पडते.

झऱ्यावर गेल्यावर मुलांना एकदम पाण्यात सोडू नये, आधी हात घालून पाहावे. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. साबण, कपडे कुंडात नेऊ नयेत; जपान्यांची ती सवय घेण्यासारखी आहे.

आणि काठावर बसल्या बसल्या मुलांना संविधानाचा पंधरावा अनुच्छेद वाचून दाखवावा. विहिरी आणि तलावांबरोबर त्यात स्नानघाटही लिहिलेले आहेत. ते तेथे का लिहावे लागले, हे मुले आपणहून विचारतील. तेव्हा चवदार तळ्याची हकिकत पहिल्यापासून सांगावी.