कळवणे आणि विनवणे

मराठी शिकवणाऱ्याला अर्ज लिहिता येत असणारच, असा गावोगावी समज आहे. आम्हा दोघांकडे आजवर शिधापत्रिकेपासून वारसनोंदीपर्यंत नाना कागद लिहून घेण्यासाठी माणसे आली. गेल्या महिन्यात मात्र एका सहकाऱ्याने आणलेले काम वेगळे होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या त्याच्या वडिलांना आपली बंदूक विकायची होती.

ऐंशी ओलांडलेल्या आबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी ठासणीची बंदूक आहे. रानडुकरे अजून येतात, पण राखणीला उभे राहणारे पाय आता थकले. नात्यातल्याच एकाने ती घेण्याची तयारी दाखवली. त्याच्याकडे परवाना आहे, पैसे रोख देणार. "कागदांचं मागाहून बघू," असे तो म्हणाला, आणि आबांनाही ते पटले होते. घरातली वस्तू घरात द्यायची, त्यात पोलिसांना काय सांगायचे?

आमच्या कथा-कादंबऱ्यांत बंदूक आली की ती उडते तरी किंवा भिंतीवर शोभते तरी. ती विकायला काढलेला म्हातारा आम्हाला कुठे भेटल्याचे आठवत नाही. म्हणून आम्ही थेट कायदाच वाचायला घेतला, आणि वाचनाची सवय कामी आली.

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम ५ शस्त्रांच्या व्यापाराला परवाना आवश्यक ठरवते. त्याच कलमाचे दुसरे पोटकलम स्वतःच्या खाजगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र विकणाऱ्याला या परवान्यातून मोकळे करते. घेणारा ते बाळगण्यास पात्र हवा, म्हणजे आबांच्या बाबतीत त्याच्याजवळ तशा शस्त्राचा परवाना हवा. त्याशिवाय अटी दोनच. विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवलेला असावा. आणि तसे कळवल्यानंतर किमान ४५ दिवस उलटलेले असावेत. तोवर बंदूक हलवायची नाही. "कागद मागाहून" हा क्रमच कायद्याला मान्य नाही. आधी कागद, मग दीड महिना, मग वस्तू.

आता आमच्या फजितीविषयी. पहिला मसुदा हातून आपोआप लिहिला गेला : "विनंती अर्ज. सदरहू अर्जदार आपणांस सविनय सादर करतो की, कृपाळू होऊन परवानगी मिळावी..." लिहून झाल्यावर लक्षात आले की कायद्याने विनंती मागितलेलीच नाही. त्याने मागितली आहे ती माहिती. कलमातले क्रियापद 'कळवणे' आहे, आम्ही 'विनवणे' लिहून बसलो होतो. वीस वर्षे अर्जलेखन शिकवताना आम्ही मुलांना हाच एक सूर शिकवत आलो.

हा सूर कुठून आला याचा एक दुवा आम्हाला शस्त्रांच्याच कायद्याच्या इतिहासात दिसतो. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना १८७८ मध्ये दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घातले, दुसऱ्याने भारतीयांच्या शस्त्रांवर. त्या दुसऱ्यातून युरोपियनांना सूट होती. वृत्तपत्रांचा कायदा रिपन यांच्या काळात गेला. शस्त्रांचा मात्र १९५९ चा अधिनियम येईपर्यंत टिकला. प्रजेने मागावे आणि सरकारने द्यावे किंवा देऊ नये, या नात्यातली ती भाषा आमच्या अर्जांत अजून नांदते आहे.

याचा अर्थ ४५ दिवस ही निव्वळ अडवणूक आहे असे आम्ही मानत नाही. सहकारी तसे म्हणाला, तेव्हा आमचा वादच झाला. घरातली साधी वस्तू विकताना घेणाऱ्याचे नाव सरकारला सांगावे लागत नाही. बंदुकीच्या बाबतीत सांगावे लागते, आणि लागावेच. घेणारा कोण हे यंत्रणेला आधी कळावे, पारखायला तिला वेळ मिळावा, यात गैर काय? जबाबदार माणसाने आपण होऊन माहिती द्यावी, ही त्यातली अपेक्षा आम्हाला सन्मानाची वाटते. आबांना तो अपमान वाटला, कारण 'पोलिसांना अर्ज' म्हणजे हात जोडणे, एवढेच त्यांनी जन्मभर पाहिले होते.

दुसरा मसुदा अर्ध्या पानात आटोपला. आबांचे नाव, परवान्याचा क्रमांक, बंदुकीचा प्रकार आणि तिच्यावरचा क्रमांक, घेणाऱ्याचे नाव, पत्ता, त्याच्या परवान्याचा तपशील, आणि शेवटी, "वरील बंदूक मी यांना विकू इच्छितो, हे आपणांस कळवीत आहे." एक प्रत ठाण्यात, एक जिल्हादंडाधिकारी कार्यालयात. कायदा दोहोंपैकी एकच मागतो. दुसरी आमची सावधगिरी. दोन्हींवर तारखेची पोच घ्यायला सांगितले, कारण दिवस मोजायचे ते तिथून. मुदत सरल्यावर विकत घेणाऱ्याच्या परवान्यावर बंदुकीची नोंद आणि आबांच्या परवान्यावरून ती कमी, हेही व्हायला हवे. नाहीतर बंदूक एकाच्या घरी आणि तिची जबाबदारी दुसऱ्याच्या नावावर, असा प्रकार होईल.

ठाण्यातल्या कारकुनाने कागद पाहून विचारले म्हणे, "यात विनंती कुठे आहे?" सहकाऱ्याने कलम दाखवले. कारकुनाने ते दोनदा वाचले आणि शिक्का मारला. आबांनी पोच परवान्याच्या पुस्तिकेत ठेवली आहे, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात एका तारखेभोवती गोल केला आहे.