पेढीचा क्रमांक कोणाचा?

२८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कोलकाता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे व्यापाऱ्याचा दूरध्वनी एका जागी, गादीशेजारी असे. तो शेठजींनी उचलो वा मुनीमजींनी, बोलत असे ती पेढीच. ३१ जुलै १९९५ रोजी देशात मोबाईलवरील पहिले संभाषण झाले आणि पाहता पाहता फोन गादीवरून खिशात गेला. सोय वाढली, परंतु पेढीचा आवाज अनेक खिशांत विभागला गेला.

याचा परिणाम सहसा उशिरा ध्यानात येतो. कापडाच्या एखाद्या घाऊक पेढीवर विक्री सांभाळणारा गृहस्थ दहा वर्षे स्वतःच्या मोबाईलवरून मागण्या घेतो, उधारीची आठवण देतो, तक्रारी निवारतो. गावोगावच्या दुकानदारांकडे नोंद असते ती त्याच्या क्रमांकाची. उद्या त्याने स्वतंत्र धंदा मांडला, तर मागण्या आपोआप त्याच्याकडे जातात. २०११ पासून कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवता येतो. यात त्याने अप्रामाणिकपणा केला असे म्हणता येत नाही. क्रमांक त्याचाच होता. पेढीनेच ग्राहकाच्या हाती आपला क्रमांक दिला नव्हता. भावाभावांच्या वाटणीतही हाच प्रश्न उभा राहतो.

यावर उपाय म्हणजे कार्यालयातील टेलिफोन एक्स्चेंज आणि मोबाईल यांची जोडणी. तिचे तीन प्रकार प्रचलित आहेत.

पहिला प्रकार फोन पुढे वळविण्याचा. अमुक एक्स्टेन्शन चार घंटांत उचलले गेले नाही, तर फोन संबंधिताच्या मोबाईलवर जावा, अशी व्यवस्था एक्स्चेंजमध्येच करता येते. मात्र असा प्रत्येक फोन दोन लाइन अडवतो. एकीवरून तो आत येतो, दुसरीवरून बाहेर जातो. चार लाइन असलेल्या पेढीत दोन फोन असे वळले, की तिसऱ्या ग्राहकाला लाइन व्यस्तच मिळते. शिवाय मोबाईलवर बहुधा ग्राहकाचा नव्हे, कार्यालयाचाच क्रमांक उमटतो.

दुसरा प्रकार एक्स्चेंजलाच सिम जोडण्याचा. पेढीचा जो मोबाईल क्रमांक बाजारात परिचित आहे, त्याचे सिम एक्स्चेंजच्या जीएसएम पोर्टमध्ये बसवितात. मग त्या क्रमांकावरील फोन कोणत्याही टेबलावर घेता येतो आणि बाहेर केलेल्या फोनवरही पेढीचाच क्रमांक दिसतो. येथे एक दक्षता घ्यावी. बँकेशी जोडलेला क्रमांक यासाठी वापरू नये. अन्यथा ओटीपी शोधत फिरण्याची वेळ येते. तसेच १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावावा लागतो. जुन्या एक्स्चेंजमध्ये ही नोंद तंत्रज्ञाकडून करून घ्यावी.

तिसरा प्रकार इंटरनेटवर चालणाऱ्या एक्स्चेंजचा. कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर एक ॲप बसविले, की तो मोबाईल पेढीचे एक्स्टेन्शन होतो. कर्मचारी गोदामात असो वा खरेदीसाठी सुरतेस गेलेला असो, ग्राहक पेढीचाच क्रमांक लावतो आणि फोन त्याच्याकडे पोहोचतो. तो नोकरी सोडून गेल्यास त्या एक्स्टेन्शनचा पासवर्ड बदलावा. ग्राहकाला काहीच बदलावे लागत नाही. इंटरनेट चांगले नसेल तर मात्र आवाज तुटतो, म्हणून जोडीला एक साधी लाइन राखावी.

व्हॉट्सॲप बिझनेसची नोंदणीही लँडलाइन क्रमांकावर होऊ शकते. खातरजमेचा सांकेतिक अंक फोनवर ऐकून घेता येतो. मागण्यांचे संदेश पेढीच्या क्रमांकावर यावेत यासाठी हा सोपा मार्ग आहे.

सोयीसोबत जबाबदारीही येते. काही एक्स्चेंजमध्ये बाहेरून फोन करून, सांकेतिक अंक दाबून कार्यालयाची लाइन वापरता येते. तो अंक कारखान्यातून आला तसाच ठेवला, तर भामटे रात्रीतून परदेशी फोनचे मोठे बिल चढवू शकतात. सांकेतिक अंक पहिल्याच दिवशी बदलावा आणि आवश्यकता नसल्यास परदेशी फोन बंद ठेवावेत. सिम नोकरांच्या नावे घेण्याची जुनी सवय सोडावी. १ डिसेंबर २०२३ पासून संस्थांसाठी व्यावसायिक जोडणीची पद्धत आहे आणि तीत प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या ओळखीचीही पडताळणी होते. भाडे देतो, केवळ सिमची पेटी दुकानात ठेवू द्या, असे कोणी सुचविल्यास तत्काळ नकार द्यावा. अशा पेट्यांतून परदेशी फोन चोरून स्थानिक म्हणून वळविले जातात. हा गुन्हा आहे, आणि जागेच्या मालकालाही चौकशीला तोंड द्यावे लागते. इंटरनेट व साध्या लाइन एकत्र जोडताना काय चालते, हे दूरसंचार कंपनीकडून आधी लेखी विचारून घ्यावे.

ही व्यवस्था कर्मचाऱ्याच्याही हिताची आहे. त्याचा खासगी क्रमांक खासगी राहतो. सायंकाळी पेढी बंद झाली, की एक्स्चेंज रात्रीच्या व्यवस्थेवर ठेवावे. ग्राहकाला उद्याची वेळ सांगणारा संदेश ऐकू येतो आणि मालक असो वा नोकर, घरचे जेवण निवांत होते. संभाषण ध्वनिमुद्रित होणार असेल, तर ते दोन्ही पक्षांना आधी कळवावे. कर्मचाऱ्याच्या मोबाईलमधील खासगी नावांची यादी मात्र मालकाने कधीही मागू नये.

आरंभ लहानच असावा. बिलबुक, फलक, कार्डे आणि पॅकिंगवर छापलेले सर्व क्रमांक एका कागदावर लिहावेत आणि प्रत्येकासमोर तो कोणाच्या नावे आहे, हे नोंदवावे. ज्या क्रमांकासमोर पेढीचे नाव येणार नाही, तेथून कामास हात घालावा.